रंगाचा ‘हात’ आणि रंगाचा ‘कोट’ : बारामती-इंदापूर भागातील एका अलिखित कारागिरीचा इतिहास

१

बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांचा अर्वाचीन इतिहास पाण्यापासून सुरू करण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात नीरा डावा कालवा आला. कालव्यामागून ऊस, उसामागून कारखाने आणि कारखान्यांमागून सहकार व राजकारण आले. या मालिकेत वाहनाचा उल्लेख येतो तो केवळ साधन म्हणून. ऊस कोणी पिकविला, गाळला कोठे, कारखाना कोणी काढला, याची नोंद अहवालांत व चरित्रांत सापडते. तो ऊस, ती साखर व ती माणसे वाहून नेणाऱ्या गाड्यांचे पत्रे ठोकणारे, त्यांना रंग देणारे आणि त्या रंगावरचे ओरखडे हाताने घासून काढणारे कारागीर मात्र या नोंदींत जवळजवळ अनुपस्थित आहेत.

अशा कारागिरीचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोणती? दप्तर नाही, करारपत्रे नाहीत, कामाची पुस्तिकाही नाही. उरतो तो कारागिरांच्या तोंडचा शब्द. प्रस्तुत लेखात त्या शब्दाला साक्षीस बोलाविले आहे. तथापि शब्द हा भाबडा साक्षीदार असतो. तो आपले मूळ सांगतो, पण आपण या गावी केव्हा आलो हे नेहमीच सांगत नाही. म्हणून त्याची साक्ष प्रत्येक ठिकाणी रंगद्रव्यांच्या व घर्षणद्रव्यांच्या ज्ञात इतिहासाशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

येथे विचारात घेतलेले शब्द केवळ याच दोन तालुक्यांतील आहेत असे मुळीच नाही. पुणे जिल्ह्यात कोठेही ते कानी पडतात. मग हाच भाग का निवडावा? कारण वाहनाच्या इतिहासाचे तिन्ही टप्पे येथे थोड्या अंतरात एकत्र आले आहेत. बैलगाडी व मालमोटार, सहकाराच्या काळातील जीप व ट्रॅक्टर, आणि अखेरीस वाहने प्रत्यक्ष जन्मास घालणारा व रंगविणारा कारखाना, हे सर्व येथे आहे. ज्या भागात वाहन केवळ येत होते त्याच भागात ते तयार होऊ लागले, आणि त्यामुळे कारागिराच्या बोलीतही एक बदल घडला. तो बदल दाखविणे हा या लेखाचा हेतू होय.

२

प्रथम मूळ क्रिया समजून घेतली पाहिजे. रंगावरचा ओरखडा म्हणजे एक बारीक चर. त्याच्या कडांवर प्रकाश वेडावाकडा विखुरतो, म्हणून तो डोळ्यांस दिसतो. तो घासून नाहीसा होतो असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात ओरखड्याचे काहीच होत नाही. त्याच्या भोवतालचा रंग झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत आणला जातो. चर बुजत नाही, काठच खाली येतात. दोन हजार नंबरच्या पाण्याच्या कागदाने हलक्या हाताने घासणे, मग कंपाऊंड, मग त्याहून बारीक पॉलिश, असा क्रम असतो. प्रत्येक पायरीला मागील पायरीच्या आडव्या दिशेने हात फिरविला, तर आधीच्या दाण्याच्या रेघा केव्हा गेल्या ते नेमके कळते. अखेरीस मेण लावतात. पण मेण ही वेगळी क्रिया आहे. त्याने बारीक चर तात्पुरते भरतात व दोनचार धुण्यांनंतर पुन्हा उघडे पडतात.

मराठी बोलीने हा भेद अचूक पकडला आहे. चरा ‘काढणे’, चरा ‘भरणे’ आणि चरा ‘झाकणे’ या तीन भिन्न क्रिया आहेत. घासून तो काढला जातो, लांबीने भरला जातो आणि मेणाने झाकला जातो. त्याचप्रमाणे ओरखडा, चरा व पोचा हे शब्दही एकमेकांच्या जागी येत नाहीत. ओरखडा वरवरचा असतो. चरा खोल व लांब असतो. पोचा हा रंगाचा नव्हे, पत्र्याचा दोष आहे. ओरखडा की चरा हे ठरविण्याची कसोटी नखाची आहे. नख आडवे फिरविताना ते अडकले, तर नुसत्या घासण्याने काम भागणार नाही असे समजावे.

ओरखडे येतात कशाने? शेतरस्त्यावरच्या वेड्या बाभळीने येतात, गर्दीत घासल्याने येतात. पण सर्वांत जास्त येतात ते कोरड्या फडक्याने. या भागातील माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची आहे. त्या पाषाणातील फेल्स्पार हे खनिज मोहस् श्रेणीत सहाच्या आसपास भरते, आणि धुळीत गारेचा कण असला तर तो सातवर. रंगाचा थर याहून कितीतरी मऊ असतो. धुळीने माखलेली गाडी कोरडी पुसणे म्हणजे ती जाड्या कागदाने घासणेच होय. उन्हात गाडीच्या टपावर दिसणारी बारीक ‘जाळी’ बहुधा मालकाच्याच प्रेमळ हाताची करणी असते.

३

आता जुन्या शब्दसंपत्तीकडे वळू. पृष्ठभागाला चकाकी आणण्याच्या क्रियेसाठी मराठीत शब्दांची मुळीच वाण नव्हती. ‘घोटणे’ हा शब्द कागदाच्या धंद्यातला. खळ दिलेला हातकागद गुळगुळीत दगडाने घोटून लेखनास योग्य केला जाई. मोरोपंत बारामतीस राहून आर्या लिहीत होते त्या अठराव्या शतकात लेखनाचा कागद असाच घोटलेला असे. ‘ओप’ हा शब्द सोनाराचा व जवाहिऱ्याचा. प्राकृतातील ‘ओप्पा’ या शब्दाशी त्याचे नाते सांगता येते. ‘उजाळा’ हा संस्कृत ‘उज्ज्वल’ शब्दाच्या कुळातला, तांबटाच्या व घरातल्या भांड्यांच्या परिचयाचा. दुसरा थर फारसी-अरबी शब्दांचा आहे. अरबी ‘जिला’वरून जिल्हई, झिलई, ‘मुलम्मा’वरून मुलामा, फारसी ‘रोगन’वरून रोगण. शस्त्रांना पाणी व चकाकी देणारा तो शिकलगार. अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून लखलखीत करणे व फारसी ‘गर’ म्हणजे करणारा, अशी त्याची फोड आहे. हे आडनाव पश्चिम महाराष्ट्रात आजही नांदते.

एवढी संपत्ती घरात असताना गॅरेजमध्ये यांतील एकही शब्द का शिरला नाही? गाडीला कोणी ओप देत नाही, उजाळा देत नाही, तिच्या रंगाला कोणी घोटतही नाही. ‘इंग्रजीचे आक्रमण’ हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. ‘उजाळा’ हा एकच शब्द तपासला तरी ते लक्षात येईल. देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने पंढरपुरास जाते. प्रस्थानापूर्वी पालखीच्या व रथाच्या चांदीला उजाळा दिला जातो. चांदी वरून काळवंडते, पण आत ती चांदीच असते. मळ गेला की मूळचे तेज पुन्हा वर येते. आठवणींना आपण उजाळा देतो तो याच अर्थाने. ‘उजाळा’ या शब्दात वस्तू आरपार एकजिनसी आहे असे गृहीत आहे. रंगविलेला पत्रा तसा नाही. त्याच्यावर रंग, रंगाखाली अस्तर, अस्तराखाली लोखंड. अधिक घासाल तर अधिक तेज येणार नाही. अस्तर दिसेल, आणि मग गंज. शब्द बाहेर राहिला तो त्याच्या आशयामुळे. कारागिराने ही चिकित्सा शब्दांत मांडली नसेल, पण शब्दाच्या निवडीत ती उमटली आहे.

४

पाश्चात्त्य देशांतील अनुभव यास पूरक आहे. घोडागाड्यांच्या काळात गाडीला तेलरंगाचे व व्हार्निशचे अनेक थर देत, प्रत्येक थर वाळल्यावर प्युमिस दगडाच्या भुकटीने घासत, आणि एक गाडी पुरी होण्यास कित्येक आठवडे लागत. मोटारींचे उत्पादन वाढले तेव्हा हा वेळ परवडेना. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला काही वर्षे केवळ काळाच रंग मिळे, त्यामागे काळ्या रंगाचे लवकर वाळणे हेही एक कारण सांगितले जाते. १९२३-२४ च्या सुमारास ड्यूपॉण्ट कंपनीचा ‘ड्यूको’ हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर रंग मोटारींवर आला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. मात्र तो वाळल्यावर मंद दिसे. हाताने घासल्यावाचून त्याला चकाकी येत नसे. म्हणजे ज्या रंगाने वाळण्याची प्रतीक्षा संपविली त्यानेच घासणाऱ्या हाताची गरज वाढविली. पुढे १९३० च्या दशकात अल्किड एनॅमल रंग रूढ झाले. ते वाळतानाच चकाकत. आपल्याकडे ‘ड्यूको’ हे कंपनीचे नाव फवाऱ्याच्या चकचकीत रंगाचे सामान्यनाम बनून राहिले, हे त्या संक्रमणाचे भाषिक चिन्ह होय.

घासण्याच्या कागदाची कथा तर भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावी अशी आहे. पूर्वी रंग कोरडाच घासत. त्या काळच्या रंगांत शिसे असल्याने ती धूळ विषारी असे. १९२१ मध्ये अमेरिकेतील ‘थ्री-एम’ कंपनीने फ्रान्सिस ओकी यांनी शोधलेला, पाण्यात न विरघळणारा कागद बाजारात आणला व ओल्याने घासणे शक्य झाले. आज गॅरेजमध्ये दिसणाऱ्या काळ्या वॉटर पेपरवर सामान्यतः सिलिकॉन कार्बाइडचे कण असतात. १८९० च्या दशकात अॅचेसनने ते कृत्रिमरीत्या तयार केले तेव्हा त्याला ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. त्याचा उत्तरार्ध ‘कोरंडम’ या खनिजनामातून आला, आणि ‘कोरंडम’ हा शब्द इंग्रजीत गेला तो भारतातून. संस्कृत ‘कुरुविंद’, तमिळ ‘कुरुंदम’ आणि आपला मराठी ‘कुरुंद’ हे एकाच कुळातले. शिकलगाराच्या हाती असलेला कुरुंद परदेशी जाऊन, नाव बदलून, कागदाला चिकटून परत आला. १९५४ मध्ये मद्रासेस कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली तेव्हा तो शब्द जवळजवळ आपल्या जन्मभूमीतच पोहोचला. शिकलगाराची बोली गॅरेजमध्ये आली नाही. त्याचा दगड मात्र आला.

५

या दोन तालुक्यांत मोटार वाहनांचा राबता वाढविणारी पहिली मोठी घटना म्हणजे वालचंदनगर. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद हिराचंद यांनी ऊसमळा व साखर कारखाना उभारला. याच उद्योगपतीने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली व १९४७ पासून तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून वाहने बाहेर पडू लागली. साखर व मोटार यांचे हे एका घरातले नाते योगायोगाचे नाही. दोहोंना भांडवल, यंत्र व वाहतूक यांची सारखीच गरज होती. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, व कालांतराने बारामतीस आणि इंदापुरास एसटीची आगारे झाली. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांमुळे गळिताच्या हंगामात मालमोटारी व ट्रॅक्टर यांची रीघ लागू लागली. इंदापूर तर पुणे-सोलापूर हमरस्त्यावरच वसलेले.

या काळातील वाहनाची एक गोष्ट विसरता कामा नये. ते सहजासहजी मिळत नसे. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे; त्यामुळे मिळालेले वाहन दोन-दोन तीन-तीन दशके वापरले जाई व त्या अवधीत अनेकदा रंगविले जाई. दसऱ्याला शस्त्रांबरोबर, आणि पुढे शस्त्रांच्या जागी, वाहनाची पूजा होऊ लागली. त्याआधी गाडी घासूनपुसून लखलखीत करणे हा एक वार्षिक विधीच झाला. शिकलगाराच्या हंगामात गॅरेजचा हंगाम येऊन बसला.

याच काळात गॅरेजची बोली घडली. तिच्यात एक नियम दिसतो. जे डब्यातून विकत मिळते त्याचे नाव परके आहे : कंपाऊंड, पॉलिश, वॅक्स, थिनर. जे हात करतो किंवा बोट जाणते त्याचे नाव मराठी आहे : घासणे, पुसणे, हात फिरविणे, दाणा, चरा, पोचा, पत्रा, अस्तर, लांबी. ‘रबिंग’ हा शब्द या नियमास अपवाद वाटेल, कारण तो क्रियेचा आहे. परंतु गॅरेजमध्ये ‘रबिंग संपले’ असेही म्हणतात. तेथे तो डब्यातल्या द्रव्याचेच नाव असतो. डब्यावरचे नाव आधी आले व त्याला ‘करणे’ वा ‘मारणे’ जोडून क्रियापद नंतर बनले असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे.

या बोलीतला सर्वांत अर्थपूर्ण शब्द मात्र ‘हात’ हा आहे. मराठीत रंगाच्या थरालाच ‘हात’ म्हणतात. अस्तराचा एक हात, वर रंगाचे दोन हात. थर मोजावयाचे ते हातांनी. येथे साधनाचे नाव फलाला मिळाले आहे. पण याचा व्यावहारिक परिणामही होता. गाडी जेथे रंगविली गेली तेथेच, पुष्कळदा त्याच माणसाकडून, ती घासलीही जाई. तिच्यावर किती हात आहेत हे त्याला ठाऊक असे, कारण ते हात त्याचे स्वतःचे वा त्याच्या उस्तादाचे असत. किती घासावे याचा निर्णय तो त्या ज्ञानावर घेई. दिलेला हात आणि घासणारा हात यांचा हिशेब एकाच डोक्यात असे.

६

हा हिशेब तुटला तो यंत्रामुळे, असे सामान्यतः मानले जाते. बफ आला आणि हातकाम मागे पडले, असा समज आहे. शब्दांची साक्ष वेगळी आहे. फवाऱ्याची गन आली तेव्हा ‘देणे’ जाऊन ‘मारणे’ आले. ब्रशाचा हात देत. गनने रंग मारतात. आज भिंतीच्या रंगालाही ‘मारणे’ लागते, म्हणून हा भेद काटेकोर राहिलेला नाही. पण गन मारणाराही त्याच गॅरेजमधला होता; त्याचे थरांचे ज्ञान शाबूत होते. खरा खंड पडला तो थराचे नाव बदलले तेव्हा. ‘हात’ जाऊन ‘कोट’ आला, आणि त्याच्याबरोबर ‘क्लिअर’ आला.

१९८० च्या दशकात जगभरच्या मोटारींवर दुपदरी रंग रूढ होत गेला. रंगाचा पातळ थर खाली, व त्यावर बिनरंगी पारदर्शक थर. पुढे आपल्याकडच्या गाड्यांवरही तो आला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ या इटालियन कंपनीचा तीनचाकी वाहनांचा कारखाना सुरू झाला व २०१२ मध्ये तेथेच व्हेस्पा स्कूटरचे उत्पादन सुरू झाले. ज्या गावात बाहेरून आलेली गाडी घासली जात होती तेथूनच रंगविलेली गाडी बाहेर जाऊ लागली. तरीही कारखान्यातला रंग व गॅरेजमधले घासणे यांत अंतरच वाढले. कारखान्यातील थर मायक्रॉनमध्ये मोजला जातो. आजच्या मोटारीच्या सर्व थरांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, व त्यांपैकी वरचा पारदर्शक थर सुमारे ४० ते ५०. माणसाचा केस याहून जाड असतो. ओरखडा काढण्यासाठी घासले जाते ते या केसाहून पातळ थरातून. उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही त्याच थरात असतात. तो फार पातळ झाला की काही वर्षांनी रंग पांढुरका पडून पापुद्रे सुटतात, आणि तोवर घासणारा कोण होता हे कोणाच्या स्मरणात राहत नाही.

येथे कारागिरापुढे खरी अडचण उभी राहते. हा थर त्याने दिलेला नाही. गाडी दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडची असेल, तर आधी ती किती वेळा घासली गेली याची नोंद कोठेही नसते. प्रचारातले चुंबकीय मापक पत्र्यावरची एकूण जाडी सांगते. तीत क्लिअर किती उरला हे ते सांगत नाही. अशा वेळी हाताने घासण्याला यंत्रापेक्षा एक लाभ उरतो. दाब बोटांना जाणवतो, पृष्ठभाग तापू लागला तर तळव्याला कळते, आणि कडांवर, जेथे रंग मुळातच पातळ असतो, तेथे हात आपोआप हलका होतो. ‘हात बसलेला’ माणूस म्हणजे पुष्कळ घासणारा नव्हे. कोठे थांबावे हे जाणणारा. मात्र हे जाणणे आता अंदाजाचे झाले आहे, हिशेबाचे राहिले नाही.

७

वरील विवेचनाचे फलित थोडक्यात असे. या भागातील वाहनकारागिरीत परके शब्द आले ते मुख्यतः द्रव्यांबरोबर. क्रिया व कसोट्या मराठीच राहिल्या. जुन्या घोटण्या-उजळण्याच्या धंद्यांतील शब्द वगळले गेले ते विस्मृतीमुळे नव्हे, तर त्यांचा आशय रंगविलेल्या पत्र्याला लागू पडत नव्हता म्हणून. आणि कारागिरीतील निर्णायक खंड यंत्राने पाडला नाही. रंग देणारा व रंग घासणारा हे एकमेकांस अनोळखी झाले, तेव्हा तो पडला. ‘हात’ या शब्दाची पीछेहाट ही त्या घटनेची, आपणास उपलब्ध असलेली, बहुधा एकमेव नोंद आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून एक काम सुचते. धंद्यांची शब्दसूची करताना आपण शब्द व त्याचा अर्थ टिपतो व तेथेच थांबतो. या प्रकारच्या शब्दांना तेवढे पुरत नाही. शब्द कोणत्या क्रियेच्या वेळी उच्चारला गेला, कोणत्या द्रव्यासाठी, कोणत्या क्रियापदाला जोडून, आणि बोलणाऱ्याने ते काम कोणत्या काळात शिकले, हेही त्याच्यासमोर लिहिले पाहिजे. ज्यांनी ब्रशाने हात दिले व पुढे क्लिअरही घासला, ती पिढी आता वृद्ध आहे. दोन्ही शब्द एकाच तोंडून ऐकण्याची संधी पुढच्या संशोधकास मिळेलच असे नाही.